घाट उतरून इंग्रज-डचांच्या खुणा पाहायला : सातारा-सांगलीकरांसाठी तीन दिवसांचा मार्ग

साताऱ्या-सांगलीकडून कोकणात उतरणारे बहुतेक जण गणपतीपुळ्याचं दर्शन, मालवणची मासळी आणि तारकर्लीचं पाणी एवढं करून परततात. त्याच रस्त्यावर ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाचा वाडा आहे, डचांची वखार आहे, इंग्रज आरमाराने जाळपोळ केलेलं बंदर आहे आणि खग्रास सूर्यग्रहण पाहायला साहेबाने बांधून घेतलेले ओटे आहेत. ही ठिकाणं पाहायची राहतात ती माहिती नसते म्हणून, किंवा माहिती असूनही चुकीच्या वारी, चुकीच्या वेळी तिथे पोचल्यामुळे.

हा लेख पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी आहे. मार्ग रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला असा उत्तरेकडून दक्षिणेकडे जातो. तीन दिवस आणि दोन मुक्काम लागतात. हॉटेल शोधण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: घाट कोणता, वार कोणता आणि तिथी कोणती. त्या जमल्या की बाकीचं आपोआप जुळतं.

१. आधी महिना आणि वार ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. ऑक्टोबरात हिरवळ असते, पण ऊन भाजून काढतं आणि पडक्या वास्तूंभोवती गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. मार्चनंतर जांभ्या दगडाचे तट दुपारी इतके तापतात की हात टेकवत नाही. पावसाळ्यात घाट सुंदर दिसतात, पण हा मार्ग तेव्हा करू नका. मालवणहून सिंधुदुर्गाला जाणाऱ्या होड्या साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत बंद असतात आणि तटांच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं.

वाराचा घोटाळा सगळ्यात जास्त होतो. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात सरकारी वस्तुसंग्रहालय आहे आणि ते सोमवारी बंद असतं. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची रजा टाकणारे नेमके सोमवारी परतीच्या वाटेवर रत्नागिरीत येतात आणि फाटकाबाहेरून फोटो काढून निघतात. म्हणून रत्नागिरी पहिल्या दिवशी घ्या. शुक्रवार-शनिवार-रविवार असे दिवस मिळाले तर उत्तम. दिवाळीची सुट्टी आणि नाताळचा आठवडा मात्र टाळा, कारण तेव्हा मालवणात मुक्कामाला खोली मिळणं अवघड होतं आणि जेट्टीवर रांगा लागतात.

२. घाट निवडा

साताऱ्याहून दोन वाटा आहेत. एक कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि तिथून महामार्गाने रत्नागिरी. उंब्रजवरून मल्हारपेठमार्गे पाटण गाठलं तर कराड शहरात शिरावं लागत नाही. दुसरी वाट कराडवरून पुढे कोकरूड, मलकापूर आणि आंबा घाट. दोन्हींना थांबे धरून सहा तास लागतात असं समजा. चिपळूण ते रत्नागिरी महामार्गावर कामं आणि वळणरस्ते लागतात, त्यामुळे आंबा घाटाची वाट सुटसुटीत पडते.

सांगलीहून कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, पाली, रत्नागिरी हा सरळ रस्ता. कोल्हापूर शहराची गर्दी नको असेल तर इस्लामपूर, पेठ नाका, शिराळा, कोकरूडवरून मलकापूरला निघता येतं. पाच तास धरा.

परतीला घाट वेगळा घ्या. वेंगुर्ल्याहून सावंतवाडी, आंबोली, आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर अशी वाट पुणे-बंगळूर महामार्गाला मिळते आणि तिथून कोल्हापूरवरून सांगली किंवा सातारा. फक्त विजयदुर्गापुरतंच जायचं असेल तर कोल्हापूरहून गगनबावडा उतरून वैभववाडी आणि तळेरे. मात्र गगनबावड्याचे करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट दरड किंवा दुरुस्तीमुळे अधूनमधून बंद असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी केल्याशिवाय त्या वाटेला लागू नका.

आपल्याकडच्या लोकांना एक गोष्ट वेगळी सांगायला नको, तरी सांगतो. नोव्हेंबरपासून गळीत हंगाम असतो. कराड, इस्लामपूर, वारणा, कोल्हापूर या पट्ट्यात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटे आणि रात्री रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. पहाटे चारला निघून वेळ वाचवण्यापेक्षा सहाला निघा. परतीला आंबोली दिवस मावळायच्या आत चढून व्हा.

रेल्वेचा विचार करणाऱ्यांसाठी एवढंच की, साताऱ्या-सांगलीची लोहमार्गाने कोकणाशी थेट जोडणी नाही. गाडी नसेल तर एसटी.

३. पंचांग उघडा, भरती-ओहोटी काढा

घाटावरचे लोक समुद्राकडे निघताना हवामान बघतात, पण भरती बघत नाहीत. किनाऱ्यावर किती दिसणार हे भरती ठरवते. तटाचा पाया, खाडीतली गोदी, मालवणजवळच्या पद्मगडाकडे जाणारी वाळूची वाट, हे सगळं ओहोटीला दिसतं आणि सहा तासांनी पाण्याखाली असतं.

कोकणात वापरतात तो हिशेब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणा, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे ३ वाजता. अष्टमी असेल तर ६ वाजता. एकादशीला सव्वाआठ. ही वेळ पहाटे-सकाळची धरा आणि दुपारी-रात्रीचीही, कारण दिवसातून भरती दोनदा येते. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पंचमीला पावणेचारला भरती आणि सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते.

हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून तो बेत आखायला वापरा. पाण्यात उतरण्याआधी मात्र तिथल्या मच्छीमाराला विचारा. आणखी एक बारकावा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा भरती खूप वर येते आणि ओहोटीही खूप खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तटाचा पाया किंवा खडक उघडे पाहायचे असतील तर पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची तृतीया ते पंचमी घ्या. उधाणाचा जोर अजून असतो आणि ओहोटी सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, उन्हाआधी येते.

गाडी वाळूवर नेऊ नका. ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरती चढायला लागली की खालून सैल होते आणि चाक रुततं. मग ट्रॅक्टर शोधेपर्यंत पाणी दाराला लागतं.

४. कागदपत्रं आणि सामान

बरोबर ठेवायची कागदपत्रं:

- प्रत्येक प्रौढ व्यक्तीचं आधार कार्ड किंवा दुसरं फोटो असलेलं ओळखपत्र. मुक्कामाच्या ठिकाणी सगळ्यांचं मागतात, फक्त गाडी चालवणाऱ्याचं नाही.
- गाडीचं आरसी, विमा, पीयूसी आणि चालकाचा परवाना. तेरेखोलपर्यंत गेलात तर गोव्याच्या हद्दीत शिरता, तिथे तपासणी होते.
- एसटीने जाणार असाल तर ज्येष्ठांचं वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र. ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, ६५ ते ७५ वयाच्यांना आणि सर्व महिलांना निम्मं भाडं. आरक्षण केलं तरी मूळ ओळखपत्र वाहकाला दाखवावं लागतं.
- शाळेची सहल असेल तर शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं. एसटी प्रासंगिक करारावर घ्यायची असेल तर आगारात महिनाभर आधी अर्ज द्या, कारण डिसेंबर-जानेवारीत गाड्या लवकर संपतात.

सामानात पायाची बोटं झाकणारे बूट, टोपी, माणशी किमान दोन लिटर पाणी, टॉर्च आणि सुटे पैसे. होडी, वाहनतळ, दीपगृहाचं तिकीट इथे रोखीने दिलं की काम लवकर होतं आणि खाडीकाठच्या गावांत मोबाईलची रेंज जाते तेव्हा फोनवरून पैसे जात नाहीत. नकाशा आधी उतरवून ठेवा. वाटेत खायला भडंगाची पिशवी असू द्या, कारण आंबा घाटापासून पालीपर्यंत चांगलं जेवण मिळेलच असं नाही.

ड्रोन घरी ठेवा. संरक्षित स्मारकांवर परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही आणि तिवईवर कॅमेरा लावून चित्रीकरण करायचं असेल तरी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले आहेत. त्याच यादीत आपला प्रतापगड आहे आणि वाटेवरचा पन्हाळाही.

५. पहिला दिवस : रत्नागिरी

सकाळी सहाला निघालात तर सांगलीहून अकरापर्यंत आणि साताऱ्याहून बारापर्यंत रत्नागिरीत पोचता. आधी जेवून घ्या, मग थेट थिबा राजवाड्यावर जा.

१८८५ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. इथून तो परत गेला नाही. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचा मृत्यू रत्नागिरीतच झाला. राजा तीस वर्षं या वाड्यात राहिला असं पुष्कळ जण सांगतात, पण ते बरोबर नाही. वाडा १९१० मध्ये पुरा झाला आणि त्याच्या वाट्याला जेमतेम सहा वर्षं आली. आधीची चोवीस वर्षं तो इंग्रजांनी दिलेल्या बंगल्यांत राहत होता. हे लक्षात ठेवून वाडा पाहिलात तर वेगळा दिसतो. राज्य गमावलेल्या माणसाला म्हातारपणी बांधून दिलेली ही जागा आहे.

बाहेरून पाहताना भिंतीत जांभा आणि वीट कशी बसवली आहे ते बघा. मग खिडक्या. वरच्या मजल्यावरच्या अर्धवर्तुळाकार लाकडी कमानी आणि त्यातल्या रंगीत काचा दुपारच्या उन्हात जमिनीवर रंग टाकतात, म्हणून आत जायला ऊन कललेलं असताना, दोन ते चारच्या मधली वेळ चांगली. खालच्या दालनांतल्या मूर्ती आणि शिल्पं घाईत ओलांडू नका. आत फोटो काढायचे की नाही हे दारावर विचारून घ्या. तास-सव्वा तास ठेवा.

वाड्यापासून जवळच थिबा पॉइंट आणि जिजामाता उद्यान आहे. मुलं बरोबर असतील तर इथे थांबा. उद्यानातून भाट्ये खाडी आणि समुद्र एका नजरेत येतात. संध्याकाळी इथे गर्दी असते, चारच्या आत आलात तर बाकडं मिळतं.

शिवाजीनगर भागातली थिबाची समाधी मात्र बहुतेकांची राहून जाते. पत्ता विचारताना नुसतं 'थिबा' म्हटलं तर रिक्षावाला राजवाड्यावर किंवा पॉइंटवर नेतो, 'थिबा राजाची समाधी' असं पूर्ण म्हणा. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले. वस्तीतली जागा आहे, आवाज न करता पाहा.

वेळ उरला तर लोकमान्य टिळकांचं जन्मस्थान आणि १९३१ चं पतितपावन मंदिर पाहा. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्या काळातलं हे मंदिर. इंग्रजी राजवटीने एकाच गावात एका राजाला आणि एका क्रांतिकारकाला डांबून ठेवलं, हे रत्नागिरीत फिरताना सतत जाणवतं. सूर्यास्ताला रत्नदुर्ग. तिथलं दीपगृह चढायचं असेल तर लवकर पोचा, कारण दीपगृहं सहसा संध्याकाळी थोडाच वेळ खुली असतात.

मुक्काम रत्नागिरीतच करा. रात्री राजापूरकडे सरकण्यात अर्थ नाही.

६. दुसरा दिवस : राजापूरवरून विजयदुर्ग

सकाळी सातला निघा. महामार्गाने राजापूर, खारेपाटण, तळेरे आणि तळेऱ्याहून उजवीकडे विजयदुर्गाचा रस्ता, सुमारे ५० किलोमीटर. मोबाईलवरचा नकाशा कधी कधी जैतापूरकडून किनाऱ्याकिनाऱ्याने नेतो. नकाशावर विजयदुर्ग खाडीपलीकडे हाकेच्या अंतरावर दिसतो, प्रत्यक्षात खाडी आडवी येते आणि गाडीला मोठा वळसा पडतो. तळेऱ्याचा रस्ता सोडू नका.

राजापुरात इंग्रजांची वखार होती. १६६० मध्ये सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला तेव्हा राजापूरकर इंग्रज तोफा घेऊन त्याच्या मदतीला गेले आणि गडावर मारा केला. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि रेव्हिंग्टन वगैरे इंग्रजांना कैदेत टाकलं. पन्हाळा पाहिलेल्या माणसाला या गोष्टीचं दुसरं टोक राजापुरात सापडतं, म्हणून गाडी महामार्गावरून न थांबवता काढू नका. बंदर बाजारपेठेत चहा घेऊन नदीकडे एक फेरी मारा, अर्धा तास पुरतो.

विजयदुर्गाला होडी लागत नाही. एसटी स्थानकापासून किल्ला चालत काही मिनिटांवर आहे. किल्ल्यात शिरायच्या आधी गावातल्या खानावळीत जेवण सांगून ठेवा, किती माणसं, शाकाहारी किती, मासळी किती. न सांगता दोन वाजता गेलात तर भात संपलेला असतो.

किल्ल्यासाठी अडीच तास ठेवा. तीन तटांच्या आत हा किल्ला आहे. आत शिरण्याआधीच बाहेरच्या तटाला समुद्राच्या बाजूने नीट बघा. इंग्रज कुठे आले हे तिथे कळतं. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं पायदळ तुळाजी आंग्र्यांवर चालून आलं. बंदरात नांगरलेलं आंग्र्यांचं आरमार जळून गेलं आणि किल्ला पडला. त्याच साली इंग्रजांनी तो पेशव्यांना देऊन बाणकोट स्वतःकडे ठेवलं. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री जिथे समुद्राला मिळते ते हे बाणकोट. विजयदुर्ग इंग्रजांच्या हाती कायमचा गेला तो १८१८ मध्ये.

आता साहेबाचे ओटे. किल्ल्यात हे बांधीव ओटे दाखवताना गाईड हमखास सांगतो की, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात लॉकियर साहेबाने, म्हणजे इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने, इथूनच हेलियमचा शोध लावला. गावात त्या दिवशी कार्यक्रमही होतो. पण १८६८ मध्ये नॉर्मन लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. ते ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनने गुंटूरहून पाहिलं आणि आपल्या सांगलीला जवळ असलेल्या जमखंडीत इंग्रजांचं एक पथक लेफ्टनंट हर्शेलच्या नेतृत्वाखाली बसलं होतं. लॉकियरने सूर्याच्या प्रकाशातली हेलियमची पिवळी रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरात इंग्लंडमधून नोंदवली. विजयदुर्गाला तो खरोखर आला तो ३० वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, आरमारी जहाजातून दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन. त्यामुळे या ओट्यांची किंमत काही कमी होत नाही. हेलियमचा शोध लावणारा माणूस पुन्हा सूर्य बघायला या किल्ल्यावर आला होता, हे पुरेसं मोठं आहे. मुलांना सांगताना साल बरोबर सांगा.

ओट्यावर उभं राहून पश्चिमेकडे तोंड केलंत तर आडवं काही येत नाही, नुसतं आकाश आणि पाणी. जानेवारीतलं कोरडं आकाश, जहाज थेट नांगरता येईल असं खोल बंदर आणि सामान चढवायला जवळचा किनारा. यंत्रांनी भरलेली पेटी घाटातून बैलगाडीवर आणण्यापेक्षा हे किती सोपं, हे तिथे उभं राहिल्यावर लगेच पटतं.

अंधाऱ्या खोल्यांत आणि चोरवाटांत टॉर्चशिवाय शिरू नका, वटवाघळं असतात आणि पायऱ्या झिजल्या आहेत. तटावरून चालताना कडेचा दगड पाय टेकवून आधी पारखा. चुना गेलेला जांभा वरून धड दिसतो आणि वजन पडलं की निसटतो.

ओहोटी साधली असेल तर किल्ल्यानंतर खाडीच्या आतली आंग्रेकालीन गोदी पाहा. खडक खोदून केलेली जहाजं दुरुस्त करायची ही जागा भरतीला नुसतं पाणी दिसते. चिखल असतो, बूट काढून जाऊ नका, कालवांची शिंपलं पाय कापतात.

दुपारनंतर देवगडवरून मालवण. मुक्काम मालवणात.

७. तिसरा दिवस : मालवण, मग वेंगुर्ला

सिंधुदुर्गाची पहिली होडी धरा. उशीर केलात तर रांग लागते आणि किल्ल्यावर फिरायला दिलेला वेळ अपुरा पडतो. होडीवाल्याला बसतानाच परतीची वेळ विचारा आणि लाईफ जॅकेट घाला, मागून घ्यावं लागलं तरी.

सिंधुदुर्ग आपण महाराजांचा म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण १७६५ मध्ये हा किल्ला इंग्रजांनी घेतला होता आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं होतं. तेव्हा तो कोल्हापूरकर छत्रपतींकडे होता. पैसे मोजून कोल्हापूरने तो परत मिळवला आणि १८१२ च्या तहात मालवण बंदरासह पुन्हा गेला. आत फिरताना लोक राहतात त्यांच्या अंगणातून वाट जाते, फोटो काढण्याआधी विचारा.

अकरापर्यंत परत येऊन वेंगुर्ल्याला निघा. निघण्याआधी मालवणचं रॉक गार्डन मुलांसाठी अर्धा तास, मुलं नसतील तर सोडा.

वेंगुर्ल्यात डच वखार शोधायची. रिक्षावाल्याला, दुकानदाराला 'डच वखार' एवढंच विचारा, 'डच किल्ला' किंवा 'फॅक्टरी' म्हटलं तर कळत नाही, कारखान्याकडे बोट दाखवतात. १७व्या शतकात डचांनी इथे ठाणं मांडलं ते गोव्याच्या पोर्तुगीजांवर लक्ष ठेवायला आणि त्यांची नाकेबंदी करायला. इथल्या डचांनी बटाव्हियाला (आजचं जकार्ता, डचांचं आशियातलं मुख्य ठाणं) पाठवलेली पत्रं शिवकाळाच्या अभ्यासाला आजही उपयोगी पडतात. अशा जागेची अवस्था पाहून वाईट वाटेल. भिंती उभ्या आहेत, छत नाही, झाडांची मुळं दगड फोडून आत शिरली आहेत. तरीही जाडजूड जांभ्याच्या भिंती, दुमजली बांधणीच्या खुणा आणि बुरूज यांवरून कळतं की ही मालाची कोठी होती आणि वेळ पडली तर लढायची जागाही.

इथे सावधगिरी सगळ्यात जास्त लागते. कोकणात पडक्या जांभ्याच्या भेगांत आणि पालापाचोळ्यात फुरसं असतं. लहान, मातीच्या रंगाचं, पटकन दिसत नाही आणि विषारी. भिंतीच्या खोबणीत हात घालू नका, दगड उलथू नका, काठीने पुढचं गवत हलवत चला आणि लहान मुलांना आत नेऊ नका. चावलंच तर जखम कापणं, आवळपट्टी बांधणं, झाडपाला लावणं यात वेळ घालवू नका. चावलेला हात-पाय हलवू न देता १०८ ला फोन करा किंवा गाडीने थेट सरकारी रुग्णालय गाठा. फुरशावरची लस तिथे मिळते, गावठी उपायाने विष उतरत नाही. भिंतीखाली उभं राहून गट फोटोही काढू नका.

हातात दोन तास जास्त असतील तर रेडीवरून तेरेखोलपर्यंत जाऊन या. खाडीच्या उत्तर काठावर, महाराष्ट्राच्या बाजूला असूनही तेरेखोलचा किल्ला गोव्यात येतो. १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो सावंतांकडून घेतला. आत चर्च आहे. परतताना गोव्यातली दारू गाडीत ठेवू नका, महाराष्ट्राच्या हद्दीत गाडी जप्त होऊ शकते.

दुपारी दोनला वेंगुर्ला सोडलंत तर आंबोली उजेडात चढता. सांगलीकर रात्री नऊपर्यंत घरी पोचतात. सातारकरांनी तेरेखोलचा नाद सोडावा किंवा कोल्हापुरात मुक्काम करावा.

८. गाडी नसेल तर

एसटीने हा मार्ग होतो, फक्त चार दिवस लागतात. साताऱ्याहून आणि सांगलीहून रत्नागिरीला थेट गाड्या आहेत, आरक्षण आधी करा. रत्नागिरीत राजवाडा, समाधी आणि रत्नदुर्ग रिक्षाने होतात, भाडं ठरवताना थांबण्याची वेळ धरून ठरवा. विजयदुर्गाला गाडीतून उतरल्या उतरल्या पहिलं काम म्हणजे परतीच्या किंवा देवगडच्या गाडीची वेळ वाहतूक नियंत्रकाला विचारणं. फलकावरची वेळ आणि प्रत्यक्षातली वेळ एकच असेल असं नाही आणि दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत दुसरी नसते. विजयदुर्गात मुक्काम करायची तयारी असेल तर घरगुती खोल्या मिळतात, आणि ओट्यांवर सकाळी सातला पोचायचं असेल तर तेच बरं पडतं.